सुडाचा वाफा

२ मार्च

रोना फोनवर म्हणाली, "आई, मनातलं लिहून काढत जा, हलकं वाटेल." मला हलकं वाटायला नकोच आहे. मी लिहितेय ते विसरू नये म्हणून. या वयात राग धरून ठेवणंही कष्टाचं काम होतं, जरा डुलकी लागली की तो निसटायला बघतो.

म्हणून आधी गुन्हा लिहून ठेवते. गेल्या ऑगस्टमध्ये किलमॉरीच्या फुलांच्या प्रदर्शनात माझ्या नवऱ्यानं, डूगल इम्रीनं, थिसलच्या, म्हणजे आमच्या स्कॉटलंडच्या काटेरी फुलाच्या, वर्गात तीन दांडे सी-हॉली ठेवली होती. निळी, काटेरी, गळ्याभोवती झालर असलेली. आमच्या गावात तीस वर्षं सी-हॉली थिसलच्याच वर्गात बसत आली आहे. काटे आहेत, निळं-जांभळं आहे, मग थिसल नाही तर काय बटाटा? डूगलला तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. मी त्याला चाकाच्या खुर्चीतून हॉलमध्ये नेलं. आणि त्याच्या बरणीसमोर पांढरं कार्ड उभं होतं: 'नियमाप्रमाणे नाही.'

अक्षर इशबेल किनिअरचं. प्रदर्शनाची चिटणीस, आमची शेजारीण आणि चाळीस वर्षांची माझी मैत्रीण. वर सगळ्यांदेखत त्याला म्हणते कशी, "डूगल, काय सांगू, परीक्षक म्हणतात हे थिसल नाही. हे गाजराच्या कुळातलं आहे!"

सगळा हॉल हसला. डूगलही हसला. बिचारा दुसरं काय करणार? त्यानंतर तो त्या फुलांना मरेपर्यंत 'माझी गाजरं' म्हणत राहिला. दिवसातून दहादा. इतकं लागलं होतं त्याला.

नोव्हेंबरात गेला. इशबेल दफनाला आली होती, मी तिचा हात हातात घेतला नाही.

९ मार्च

रोपं बर्फातून छान तरली आहेत. प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी मी बी पेरलं होतं, आमच्या दोघींच्या मधल्या दगडी भिंतीला लागून, बरोबर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. खरं थिसल. मोठं, स्कॉच, नऊ फूट जाणारं, ज्याला परीक्षकाचा बापही गाजर म्हणणार नाही. आता पानांचे गोल ताटाएवढे झालेत, पांढऱ्या लवेचे, जमिनीला चिकटून बसलेले. नऊ आहेत.

ही झाडं पहिल्या वर्षी नुसती बसून राहतात आणि दुसऱ्या वर्षी उठतात. मला हा स्वभाव पसंत आहे.

बेत असा. एक, खऱ्या थिसलनं वर्ग एकतीसमध्ये पहिला नंबर घ्यायचा आणि तो तिच्याच हातून लिहून घ्यायचा. दोन, तिच्या खिडकीतलं ऊन काढून घ्यायचं. तीन, तिला तिच्याच नियमात पकडायचं. तिसरं कसं ते अजून ठरलेलं नाही. पण ती माणूसच आहे, कुठेतरी चुकेलच.

१७ मार्च

आज डूगलची सी-हॉली मुळासकट उपटली. ज्या फुलांनी त्याला मान खाली घालायला लावली ती माझ्या दारात नकोत. मुळं गाजरासारखी जाड आणि लांब निघाली, ते बघून आणखीच डोकं फिरलं. सगळी गाडीत भरून गल्लीच्या टोकाला अर्ची टॉशच्या जाळायच्या ढिगावर टाकून आले.

अर्ची म्हणजे प्रदर्शन समितीचा अध्यक्ष, पलीकडच्या कुरणात मेंढ्या पाळतो. म्हणाला, "अगं नेटा, चांगली झाडं ही! डूगलची ना?"

"जाळ म्हटलं की जाळायची, अर्ची."

"आता ओली आहेत, नाही पेटायची. शनिवारी बघू."

दुपारी इशबेल बादली घेऊन ढिगाकडे जाताना दिसली. तिच्या गुलाबांना राख लागते. लोकांच्या राखेवरही डोळा.

५ एप्रिल

इशबेलनं पुन्हा भिंतीवर स्कोनची, म्हणजे घरी भाजलेल्या गोड पावांची, बशी ठेवली, वर स्वच्छ फडकं. ही चौथी वेळ. मी अर्चीच्या कुत्र्याला घातले. कुत्रा आता रोज सकाळी भिंतीपाशी येऊन बसतो.

बशी धुऊन परत ठेवते. उद्या कुणी म्हणायला नको की नेटा इम्रीनं बशी ठेवून घेतली.

२६ एप्रिल

गोगलगायींनी दोन रोपांची मधली पानं खाल्ली. भर पावसात, हातात बरणी घेऊन एकेक वेचली, एकतीस निघाल्या. डूगल म्हणायचा, थिसलला कुणी हात लावत नाही. गोगलगायीला हातच नसतात, तिला काय.

वेचलेल्या भिंतीपलीकडे टाकायचा मोह झाला. नाही टाकल्या. तो क्षुद्रपणा झाला असता. माझं काम मोठं आहे.

१९ मे

उठली! आठवड्यात दीड फूट. मधून जाड दांडा वर आलाय, त्याला पंखांसारखे काटेरी पदर. कातड्याचे हातमोजे घातले तरी मनगटाला बोचतं. वारा इथे पश्चिमेकडून येतो, म्हणून प्रत्येकाला खुंटा ठोकून दोन जागी बांधलं.

ठोकाठोक ऐकून इशबेल भिंतीशी आली. डोळे बारीक करून बघत होती.

"नेटा, हे काय लावलंस? कोबी?"

कोबी म्हणे! मी उत्तर दिलं नाही.

"उंच होणारेत का गं?"

"हो," मी म्हटलं. नऊ महिन्यांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द. केवढ्या खुशीत घरात गेली ती! एका 'हो'ला माणूस इतकं हरखतं? मला ते अजिबात आवडलं नाही.

७ जून

रोना दोन दिवस येऊन गेली. वाफा बघून तिनं कपाळाला हात लावला.

"आई, हे असं किती दिवस चालवणार? बाबा तर हसले होते."

"हसण्यावारी नेलं त्यांनी."

"नाही गं, खरंच हसले होते. मला फोनवर सांगताना त्यांना बोलवेना इतके. म्हणाले, तीस वर्षं अख्खं गाव थिसल म्हणून गाजरं ठेवतंय आणि एकाला पत्ता नाही."

मुलीला काय कळतं. ती ॲबरडीनला होती. त्याच्या खुर्चीचे दांडे माझ्या हातात होते.

जाताना ती इशबेलकडे चहाला गेली, माझ्या नाकावर टिच्चून. परत येऊन म्हणाली, "मावशी खूप थकलीय. तिला आजीसारखं होईल अशी भीती वाटते." इशबेलची आई शेवटी दिवसभर टेबलावर चमचे मोजत बसायची. बारा असायचे, तिला कधी नऊ भरायचे, कधी पंधरा. पुढे लेकींची नावंही विसरली. मी तेव्हा दोन वर्षं बुधवारी जाऊन बसायचे, इशबेलला बाजाराला जाता यावं म्हणून.

हे इथे कशाला लिहिलं कोण जाणे.

२८ जून

साडेसहा फूट. काळा मावा पडला. साबणाच्या पाण्यानं एकेक कळी पुसली, दोन तास गेले. सूड घ्यायचा तर माणसाला कंबर धडधाकट हवी.

१० जुलै

प्रदर्शनाची नियमपत्रिका आली. उघडून बघते तर काय! 'वर्ग ३१: थिसल (खरे), तीन दांडे, एक बरणी.' आणि खाली: 'वर्ग ३४: इतर कोणतेही बारमाही फूल, सी-हॉली धरून, तीन दांडे, एक बरणी.'

म्हणजे गेल्या वर्षी तोंडी अपमान केला तो पुरला नाही, यंदा छापून घरोघर वाटला. 'सी-हॉली धरून'! दुकानात, चर्चमध्ये, सगळ्यांच्या हातात ती पत्रिका असेल आणि सगळ्यांना डूगलची गाजरं आठवतील. हा वर्ग तिनं मुद्दाम काढला असणार.

मी दातओठ खात वर्ग एकतीसचा अर्ज भरला.

२३ जुलै

फुलली. जांभळ्या शेंड्यांचे गोंडे, एकेक मुठीएवढा, आणि त्यांवर इतक्या मधमाश्या की वाफा गुणगुणतोय. आठ फूट दहा इंच. तिच्या खिडकीची खालची काच दिसतही नाही. सकाळी दहा वाजता तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला पाहिला आणि मला मनापासून आनंद झाला. तो लपवून काय करू? झाला.

डूगलला दाखवावंसं वाटलं. मग वाटलं, तो म्हणाला असता, "नेटा, जरा सरकवून लावायची होतीस, बाईला ऊन मिळत नाही." तो तसाच होता, म्हणून तर लोकांनी त्याला गाजर म्हटलं.

४ ऑगस्ट

अर्ची येऊन तक्रार करून गेला. "नेटा, याचं बी उडालं ना माझ्या कुरणात, तर मेंढ्यांच्या लोकरीतून पुढच्या जन्मापर्यंत काटे काढत बसेन."

"प्रदर्शन झालं की बी धरायच्या आत कापते."

"आणि इशबेलचं काय? परवा चहा ओतला तो कपात कमी नि बशीत जास्त. म्हणते, डोळ्यांपुढे अंधार असतो हल्ली. सांगू का तुला? तिचे डोळे ठीक आहेत. तुझं जंगल आहे ते."

"मग सांगितलंस का तिला?"

"सांगितलं. म्हणाली, नेटाच्या फुलांना काही बोलायचं नाही."

ढोंगी! स्वतः सोसल्याचा आव आणायचा नि मला गावात वाईट ठरवायचं. जित्याची खोड.

२१ ऑगस्ट

उद्या. दुपारी बारा दांडे तोडले, खोल पाण्यात बुडवून पडवीत ठेवलेत. रात्रभर पाणी पितील. त्यातले सर्वांत चांगले तीन निवडायचे.

आमच्याकडे रीत अशी: दहा वाजेपर्यंत मांडामांड. प्रत्येक बरणीपुढे मालकाच्या नावाचं कार्ड, पण पालथं, म्हणजे फूल कोणाचं ते परीक्षकाला कळू नये. साडेदहाला सगळे बाहेर. परीक्षक फिरतो, चिटणीस बरोबर फिरून निकाल लिहिते. मग कार्डं सुलटी होतात आणि दोनला दार उघडतं.

दोनला मी पहिली आत जाणार.

२२ ऑगस्ट, दुपारी साडेबारा

घाईत अक्षर वाकडं येईल. पण आत्ताच लिहिते.

सव्वानऊला माझी बरणी मांडली. राजेशाही दिसत होती. मग सहज पुढच्या टेबलाकडे गेले, आणि वर्ग चौतीसपाशी इशबेल. पाठमोरी. बोटानं दांडे चाचपत मोजत होती, एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन. बाजूला झाली तेव्हा दिसलं. सी-हॉली! तीच निळी, तशीच झालर. सी-हॉली गावात इतरही लावतात, पण असा निळा नि अशी झालर दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच.

डोक्यात वीज पडली. मार्चमधली बादली! राख नव्हती न्यायला आली, डूगलची झाडं चोरायला आली होती. आधी त्याच्या फुलांना बाहेर काढलं, मग त्यांच्यासाठी वर्ग पाडला आणि आता तीच फुलं स्वतःच्या नावावर लावून बक्षीस घेणार! मेलेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी ते हेच. चाळीस वर्षं मी या बाईला बहीण मानलं.

ती दाराशी अर्चीशी बोलायला गेली. तिची बादली टेबलाखाली तशीच होती, उरलेले दोन दांडे त्यात. मी वाकले, एक उचलला, आणि बरणीत मागच्या बाजूनं खोचला. झालं. पाच सेकंदं लागली असतील. नियम म्हणतो तीन. आता चार.

कुणी पाहिलं नाही. मी बाहेर येऊन शांतपणे चहा घेतला, आणि वर्षभरात पहिल्यांदा चहाला चव लागली.

आता तिचं कार्ड तिलाच लिहावं लागेल. 'नियमाप्रमाणे नाही.' जशास तसं. डूगल, तुझं फिटलं.

जाते. दोन वाजता दार उघडतं. निळा कोट घालते.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ

मला पहिला नंबर मिळाला. लाल कार्ड. ते आधी लिहून टाकते म्हणजे झालं.

मी माझ्या बरणीपाशी थांबलेसुद्धा नाही, थेट वर्ग चौतीसकडे गेले. पांढरं कार्ड उभं होतं, इशबेलच्या हातचं. 'नियमाप्रमाणे नाही. तीनऐवजी चार दांडे.' आणि त्याच्या शेजारी सुलटं केलेलं नावाचं कार्ड.

'डूगल इम्री यांच्या स्मरणार्थ. फुले त्यांचीच.'

मी ते तीनदा वाचलं. मला अक्षरं कळत होती पण अर्थ लागत नव्हता. मग लागला.

इशबेल टेबलाशीच उभी होती, हातात रुमालाचा बोळा. तिला मी दिसताच तिचा चेहरा पडला.

"नेटा," ती म्हणाली, "नेटा, मी तीनच ठेवले होते गं. तीनदा मोजले. परीक्षक म्हणाले चार आहेत. मी बघितलं तर खरंच चार! काय करणार, लिहावं लागलं. नियम आहे. मागच्या वर्षीही मी काय करणार होते, तू सांग. पण यंदा तर माझीच चूक."

अर्चीनं टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "ढिगावरून सगळी मुळं नेली होती तिनं. त्यातली तीन जगली. समितीत तिनं भांडून परवानगी काढली, हयात नसलेल्या माणसाच्या नावानं ठेवायची."

"त्यानंच सांगितलं होतं," इशबेल म्हणाली. "ऑक्टोबरात, तू औषधाला गेली होतीस तेव्हा. म्हणाला, पुढच्या वर्षी माझी गाजरं बरोबर वर्गात ठेव, आणि त्या डंडीहून येणाऱ्या परीक्षकाला विचार, आता काय म्हणतोस. किती हसला होता. तुला सांगणार होते, पण तू बोलतच नव्हतीस. म्हटलं, आज दोन वाजता बघशील. आणि मी मूर्ख, मला तीन मोजता येईनात! त्याचं दुसऱ्यांदा वाटोळं केलं मी. माफ कर. माफ कर गं मला."

हॉलमधले सगळे आमच्याकडे बघत होते. तीसेक माणसं. मी तोंड उघडलं. मी खरं सांगायलाच उघडलं होतं, देवाशपथ. आणि माझ्या तोंडून निघालं:

"असू दे, इशबेल. मी तुला माफ केलं."

ती माझ्या गळ्यात पडली. कुणीतरी नाक शिंकरलं. मागून कोणी बाई म्हणाली, याला म्हणतात मोठं मन.

मी लाल कार्ड चुलीत घातलं. बाकी काही लिहवत नाही.

२४ ऑगस्ट

नऊच्या नऊ कापली. करवतीनं कापावी लागली, बुंधा मनगटाएवढा. हातमोजे घातले नाहीत, आता दोन्ही तळवे सुजलेत. आपलं आपल्यालाच बोचलं म्हणून कुणी बरं होत नाही, पण दुसरं सुचलं नाही.

२७ ऑगस्ट

मी गावात थोर ठरलेय. दुकानात मला पुढे जाऊ देतात. पाद्रीबाबांनी रविवारी क्षमेवर प्रवचन करताना तीनदा माझ्याकडे बघितलं. मी जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होते.

इशबेल रोज येते. चहा घेते, डूगलबद्दल बोलते, अशा गोष्टी सांगते ज्या मी वर्षभर कुणाकडूनच ऐकल्या नव्हत्या. मला ते हवं आहे. हेच तर वाईट. सांगितलं तर हे सगळं जाईल.

आणि न सांगता काय बिघडतंय? तिला वाटतं तिची चूक, ती मी माफ केली, तिला झोप लागते. मला मैत्रीण परत मिळाली. डूगलला आता फरक पडत नाही. असा विचार करून मी आजची दुपार काढली.

३० ऑगस्ट

इशबेल माझ्या स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात म्हणाली, "नेटा, तू झाडं काढलीस ना, खिडकीतून कसा लख्ख उजेड येतो आता. चहा सांडत नाही. सुईत दोरासुद्धा ओवला काल."

"मग चांगलं आहे की."

"नाही गं, चांगलं नाही." ती बोटांनी टेबलावरचे चमचे सरळ करत होती. "डोळे धड आहेत. मग त्या दिवशी मला चारचे तीन का दिसले? मी हातानं चाचपून मोजले होते. म्हणजे डोळ्यांचं नाही. डोक्याचं आहे. आईचंही असंच सुरू झालं, मोजण्यापासून." मग हसायचा प्रयत्न करून म्हणाली, "बुधवारी येऊन बसशील ना माझ्यापाशी, आईपाशी बसायचीस तशी?"

मी "काहीतरीच काय" म्हटलं. कसलं भिकार उत्तर.

गुरुवारच्या बैठकीत ती चिटणीसपद सोडणार आहे. एकवीस वर्षांनी. जिला तीन मोजता येत नाहीत तिनं नियम सांगू नयेत, म्हणते.

२ सप्टेंबर

रोनाला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मला सांगून काय उपयोग?"

३ सप्टेंबर

बैठक सातला. आठ माणसं. अर्चीनं इशबेलचं पत्र उघडलं आणि वाचायला लागला, "वाढत्या विसराळूपणामुळे..."

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

"अर्ची, थांब. चौथा दांडा मी घातला."

"कसला दांडा?"

"वर्ग चौतीसमध्ये. तिच्या बादलीतून उचलून मी खोचला. मला वाटलं, फुलं तिच्या नावावर आहेत. मला तिला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं होतं. तिनं तीनच ठेवले होते. मी पाहिलं होतं तिला मोजताना. बरोबर मोजले होते."

अर्ची माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याची मेंढी मारलीय. मला इशबेलकडे बघवत नव्हतं, तरी बघितलं.

ती रागावली असेल असं वाटलं होतं. तिचे दोन्ही हात तोंडावर होते. हळूच म्हणाली, "म्हणजे तीनच होते?"

"तीनच होते."

"नक्की?"

"शपथ."

ती हसायला लागली. रडतही होती. अर्चीचा हात धरून म्हणाली, "ऐकलंस ना? मी तीनच मोजले होते!" त्याच्या हातातून पत्र ओढून घेतलं, चार घड्या करून पर्समध्ये कोंबलं. डोळे पुसले. नाक पुसलं. मग माझ्याकडे वळली, आणि आत्ता कुठे तिच्या चेहऱ्यावर ते आलं ज्याची मी वाट बघत होते.

"आणि तू मला माफ केलंस," ती म्हणाली. "तीस माणसांसमोर. मी तुझ्या गळ्यात पडले."

"हो."

"दहा दिवस माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस. मी आईबद्दल बोलत होते तेव्हाही."

"हो."

"तुला राग काढायला किती दिवस लागले, नेटा?"

"वर्ष."

"मग मलाही वर्ष लागेल. तोवर माझ्या दारात यायचं नाही, भिंतीवर बश्या ठेवायच्या नाहीत आणि गोड बोलायचं नाही. मला नीट रागवू दे." तिनं चष्मा लावला आणि वही उघडली. "पुढचा विषय. हॉलची मोडकी टेबलं."

मी शेवटपर्यंत बसले. खुर्च्याही उचलून ठेवल्या, कुणी मदतीला आलं नाही. घरं शेजारी शेजारी, वाट एकच. ती पुढे चालली होती आणि मी वीस पावलं मागे. एरवी खड्डा आला की ती थांबून मला हात द्यायची. आज थांबली नाही. मी एकटीच जपून उतरले.

या डायरीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आहे. बघितलं. तीन सप्टेंबर शनिवारी येतो.